‘पाच मिनिटांत परत येऊ’

पत्र

मी मानसोपचार रुग्णालयात चार वर्षं स्टाफ नर्स आहे. गेल्या महिन्यात आमच्या अ‍ॅक्यूट वॉर्डमधल्या एका पेशंटला दुसऱ्या वॉर्डात हलवायचं होतं. वय पंचेचाळिशीचं, स्किझोफ्रेनिया, आमच्याकडे तीन आठवडे. पहिले चार दिवस सोडले तर त्याने एकदाही आवाज चढवला नव्हता. संध्याकाळी कॅज्युअल्टीतून फोन आला, नवीन पेशंट येतोय, बेड रिकामा करा. ‘सगळ्यात शांत कोण?’ म्हणून याचं नाव निघालं. माझी ड्यूटी संपत आली होती. मी त्याला म्हणाले, ‘चला, जरा पलीकडे जाऊन येऊ, पाच मिनिटांत परत येऊ.’ पलीकडच्या वॉर्डच्या दारात पोहोचलो तर त्याला स्वतःची पिशवी तिथल्या कॉटवर ठेवलेली दिसली. तो परत वळला. सोबतच्या अटेंडंटने मागून त्याचा दंड धरला. पुढच्या क्षणी अटेंडंट जमिनीवर, मनगट मोडलेलं. चौघांनी पेशंटला धरलं, इंजेक्शन दिलं, रात्रभर बांधून ठेवलं.

आता इन्चार्ज सिस्टर म्हणतात, यापुढे शिफ्ट करायच्या अर्धा तास आधी इंजेक्शन देत जा. आमच्याकडे आधी सांगायची पद्धत नाही, कारण सांगितलं की पेशंट आधीच बिथरतो. अटेंडंट माझ्याशी बोलत नाही. पेशंट अजून त्या पलीकडच्याच वॉर्डात आहे आणि त्याची एक वही माझ्या ड्रॉवरमध्ये राहिली आहे. जाऊन द्यावी की मला बघून तो पुन्हा भडकेल? चूक माझी होती का?

उत्तर

हो, थोडी तुमचीही. पण तुम्ही समजताय ती नाही.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले. तुम्ही सगळी घटना दारातल्या त्या एका क्षणावर आणून ठेवली आहे: तो वळला, अटेंडंट पडला. केस पेपरवरही तेवढंच असणार, ‘शिफ्टिंगच्या वेळी पेशंट अचानक आक्रमक झाला’. तीस वर्षं मानसोपचाराच्या वॉर्डांत काढल्यावर मला या ‘अचानक’ शब्दाची अ‍ॅलर्जी झाली आहे. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की आधीचा अर्धा तास कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

तुमच्या पत्रातला अर्धा तास बघा. फोन आला. नाव निघालं. कुणीतरी त्याची पिशवी भरली, तो समोर नसताना. ती पुढे पाठवली. मग तुम्ही त्याला सोबत चालायला सांगितलंत. म्हणजे तो वॉर्डच्या बाहेर पाय टाकेपर्यंत त्याच्या आयुष्यात चार गोष्टी घडून गेल्या होत्या आणि त्याला त्यातली एकही ठाऊक नव्हती. दारात त्याला त्या चारही एकदम दिसल्या. तो परत वळला, इतकंच. तुमच्या पत्रात तरी त्याने पहिला हात उचललेला नाही. त्याला आपल्या जागेकडे जायचं होतं, आणि मागून कुणीतरी त्याचा दंड धरला.

या ‘मागून’वर थोडं थांबते. १९७० मध्ये ऑगस्टस किन्झेल नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने तुरुंगात एक साधा प्रयोग केला. कैद्याला खोलीच्या मध्यभागी उभं करायचं, चारी बाजूंनी एकेक पाऊल त्याच्या जवळ जायचं आणि ‘आता पुरे’ असं त्याला कधी वाटतं ते मोजायचं. हिंसक इतिहास असलेल्या कैद्यांना इतरांच्या जवळजवळ चौपट मोकळी जागा लागली, आणि सगळ्यात जास्त जागा लागली ती पाठीमागे. प्रयोग लहान होता आणि तुमचा पेशंट काही कैदी नाही. पण कुणीतरी आपल्या मागावर आहे या भीतीत जो माणूस महिनोन्‌महिने जगला आहे, त्याच्या पाठीला डोळे नसतात म्हणूनच ती पाठ सगळ्यात जास्त जागी असते. त्याला मागून धरणं म्हणजे त्याच्या भीतीला साक्षीदार मिळवून देणं. सोबत चालणाऱ्याने शेजारी चालावं, किंचित पुढे, हात दिसतील असे. हे अटेंडंटला कुणी कधी शिकवलं होतं का? बहुधा नाही. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता ‘सगळ्यात शांत कोण?’ या प्रश्नाकडे. हा प्रश्न मीही शेकडो वेळा विचारला आहे, कारण रात्री आठ वाजता बेड हवा असला की तोच सुचतो. पण पेशंटच्या बाजूने त्याचा हिशेब काय होतो? तीन आठवडे नीट वागलो, गोळ्या घेतल्या, कुणाला त्रास दिला नाही. बक्षीस म्हणून माझी जागा गेली. शेजारच्या कॉटवरचा जो आरडाओरडा करत होता, तो राहिला. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन १९५५-५६ मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात वर्षभर वावरले, कागदोपत्री क्रीडा संचालकांचे मदतनीस म्हणून. त्यांनी नोंदवलेली एक गोष्ट मनोरुग्णालयात काम करणाऱ्या कुणालाही पटेल: पेशंटच्या लेखी वॉर्ड ही नुसती जागा नसते, आपल्याबद्दल इथे काय मत आहे याची ती पाटी असते. या वॉर्डातून त्या वॉर्डात म्हणजे वर चढवलं की खाली ढकललं, हे तो लगेच वाचतो. आपण कारण सांगितलं नाही तर तो स्वतः शोधतो, आणि आजारी, घाबरलेल्या मनाने शोधलेलं कारण खऱ्या कारणापेक्षा नेहमी भयंकर असतं.

यातून माणूस मेलाही आहे. इंग्लंडमध्ये नॉर्विचला ३० ऑक्टोबर १९९८ च्या रात्री डेव्हिड बेनेट या ३८ वर्षांच्या पेशंटला दुसऱ्या पेशंटने वंशावरून शिवीगाळ केली आणि प्रकरण हाणामारीवर गेलं. वॉर्डमधून हलवलं गेलं ते बेनेट यांना. शिव्या देणारा तिथेच राहिला. नव्या वॉर्डात बेनेट यांनी एका नर्सला ठोसे मारले. कर्मचाऱ्यांनी त्यांना पालथं पाडून वीस मिनिटांहून जास्त वेळ दाबून धरलं आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. नंतरच्या स्वतंत्र चौकशीने दोन गोष्टी नोंदवल्या, त्या मला तेव्हापासून सोडत नाहीत. कुणालाही पालथं तीन मिनिटांपेक्षा जास्त धरू नये, ही एक. दुसरी अशी की त्या संध्याकाळी त्यांच्याशी, समजूतदार माणसाशी बोलावं तसं, कुणी बोललंच नाही. पहिल्या शिफारशीवर प्रशिक्षणं निघाली, वाद झाले, नियम झाले. दुसरीवर प्रशिक्षण काढणं अवघड असतं.

तुमची चूक इथे आहे. त्याला हलवलंत ही नव्हे. बेड लागतो, हलवावंच लागतं. ‘पाच मिनिटांत परत येऊ’ हे वाक्य चुकलं.

मी तुम्हाला वरच्या पायरीवरून बोलत नाही. माझ्या नोकरीच्या सहाव्या-सातव्या वर्षी एका वयस्कर गृहस्थांना मी ‘एक्स-रे काढून येऊ’ असं सांगून दीर्घ मुदतीच्या वॉर्डात सोडून आले होते. ते काहीच बोलले नाहीत. कॉटवर बसले, चपला काढल्या, शेजारी नीट लावून ठेवल्या. माझ्यावर कुणी हात उचलला नाही, त्यामुळे कुठे नोंद झाली नाही आणि ‘शिफ्टिंग सुरळीत’ असं मी स्वतःच्या हाताने लिहिलं. पुढे महिनाभर त्या वॉर्डात माझी ड्यूटी लागली की ते माझ्या हातून गोळी घेत नसत. खरोखरच्या एक्स-रेला न्यायची वेळ आली तेव्हा दोन तास कॉटचा दांडा धरून बसले होते. त्यांच्या त्या लावून ठेवलेल्या चपला मला अजून दिसतात.

‘आधी सांगितलं की पेशंट बिथरतो.’ बरोबर आहे, बिथरतो. काही जण ओरडतील, काही जण भांडतील, एखादा कॉटवरून उठणारच नाही. पण हे सगळं सकाळी अकरा वाजता घडू द्या, त्याच्या स्वतःच्या वॉर्डात, ज्या सिस्टरचा चेहरा तो तीन आठवडे बघतोय तिच्यासमोर, डॉक्टर जवळपास असताना. तिथे राग आला तर तो यायला आणि ओसरायला जागा आहे. संध्याकाळी साडेसातला अनोळखी दारात तीच बातमी फुटली तर रागाला जायला एकच वाट उरते. राग टळत नाही. तो कुठे आणि कुणासमोर यावा एवढंच आपल्या हातात असतं.

सांगायचं कसं, याचेही प्रकार असतात. राऊंडमध्ये सगळ्यांसमोर ‘तुम्हाला उद्या पलीकडे जायचंय बरं का’ असं उडत उडत सांगणं म्हणजे न सांगण्याचाच भाऊ. बाजूला बसा. तुम्ही बसा, तो बसो न बसो. आणि खरं कारण सांगा, ते आपल्याला लाज वाटावी असं असलं तरी: ‘एक जण खूप आजारी आहे, त्याला ही जागा लागणार आहे. तुम्ही आता बरेच स्थिर आहात, म्हणून तुम्हाला पलीकडच्या वॉर्डात हलवायचं ठरलंय. हे तुम्हाला न विचारता ठरलं, ते तुम्हाला आवडणार नाही, मला माहीत आहे.’ मग गप्प बसा. आपल्याला बोलून जागा भरायची घाई असते. त्या गप्प बसण्यात तो जे पहिलं वाक्य बोलेल ते ऐका, कारण त्याला खरी धास्ती कशाची आहे ते त्यात असतं. आपण समजतो त्याला वॉर्डची काळजी आहे. तो विचारतो, ‘माझी बहीण रविवारी इथे येईल, तिला कोण सांगणार?’ ते तुम्ही सोडवू शकता. एक फोन लागतो.

निर्णय त्याच्या हातात नाही, पण निर्णयाच्या कडा त्याला देता येतात. पिशवी तो स्वतः भरेल. स्वतः उचलेल. आधी एकदा नुसतं जाऊन बघून येईल, कॉट कोणती, संडास कुठे, खिडकी आहे का, आणि खरोखर पाच मिनिटांत परत येईल. (हे वाक्य इथे वापरायचं असतं.) सोबत कोण चालेल ते तो सांगेल. जे पाळता येणार नाही ते मात्र कबूल करू नका. ‘दोन दिवसांत परत आणू’ असं दया येऊन बोललेलं वाक्य तिसऱ्या दिवशी पलीकडच्या सिस्टरच्या अंगावर येतं.

आणि अर्ध्या तासात बेड हवा असेल तर? तर अर्ध्या तासात जेवढं होईल तेवढं करा. दहा मिनिटं बसून खरं सांगितलं आणि पिशवी त्याच्या हातात दिली, तरी निम्मं काम होतं. वेळ नव्हता हे कारण आपण खोटं बोलण्यासाठी वापरतो, पण खोटं बोलायलाही तेवढाच वेळ लागतो.

आता इंजेक्शन. तुमच्या इन्चार्ज सिस्टर वाईट हेतूने म्हणत नाहीत, त्यांच्या एका माणसाचं मनगट मोडलंय. पण शांत असलेल्या पेशंटला केवळ हलवायचं आहे म्हणून टोचणं मला मान्य नाही. ते औषध आपल्या घाईला दिलेलं असतं. शिवाय इंजेक्शननंतर नाडी, रक्तदाब, श्वास आणि शुद्ध बघत राहावी लागते. नेमकं त्याच वेळी तुम्ही त्याला अशा वॉर्डात सोडणार, जिथे किती वाजता काय दिलं हे कुणाला धड ठाऊक नाही. आणि गुंगी उतरेल तेव्हा तो अनोळखी कॉटवर, अनोळखी छताखाली जागा होणार. आजचा दारातला प्रसंग उद्या पहाटे चारला होईल, नाईटला दोनच माणसं असताना. पेशंट खरोखर अस्वस्थ असेल तर गोष्ट वेगळी. मग डॉक्टरने येऊन त्याला बघावं, आधी तोंडाने घ्यायची गोळी द्यायचा प्रयत्न व्हावा आणि शक्य तर हलवणंच पुढे ढकलावं.

इथे सगळ्यात महत्त्वाचं बोलायचं आहे, कारण ‘जागा बदलली म्हणून चिडला’ हे स्पष्टीकरणही कधी कधी आपल्याला आंधळं करतं. प्रत्येक चिडीमागे मनच असतं असं नाही. नव्या वॉर्डात पहिल्या दोन-तीन दिवसांत पेशंट बिघडला तर मी आधी औषधांचा तक्ता उघडायला सांगते. हलवाहलवीत एक डोस हमखास गळतो: या वॉर्डने मानलं तिकडे देतील, त्या वॉर्डने मानलं देऊन पाठवला असेल. मग त्याचे पाय बघा. एका जागी बसवत नाही, उभा राहिला तरी पाय बदलतो, येरझाऱ्या घालतो, ‘आतून काहीतरी होतंय’ म्हणतो. ही अ‍ॅकथिसिया असू शकते, हॅलोपेरिडॉलसारख्या मनोविकारावरच्या औषधांचाच दुष्परिणाम. तिला चिडचिड समजून त्याच औषधाचं आणखी एक इंजेक्शन दिलं की आपण तेल ओतून आग विझवायला निघालो.

सिगारेट विचारा. आधीच्या वॉर्डात आवारात जाऊन ओढता येत होती आणि नव्यात अजिबात नाही, असं असेल तर पहिले दोन-तीन दिवस निकोटिनच्या तुटीने माणूस कातावलेला असतो. निकोटिनचे पॅच किंवा गम आधीच लिहून घेता येतात. तो क्लोझापिनवर (हेही स्किझोफ्रेनियाचं औषध) असेल तर आणखी एक भानगड आहे: तंबाखूच्या धुरातले घटक यकृतात क्लोझापिन लवकर मोडायला लावतात. धूर बंद झाला की तोच डोस रक्तात काही दिवसांत चढतो. झोपाळलेपण, लाळ, गोंधळ दिसायला लागतो आणि सगळे म्हणतात ‘नवीन वॉर्ड मानवला नाही’. निकोटिनच्या पॅचने हे टळत नाही, कारण हा परिणाम धुराचा असतो. डॉक्टरांना मुद्दाम आठवण करून द्या.

आणि गोंधळ असेल, म्हणजे वेळ-जागा कळत नाही, रात्री वाढतं, मध्येच नीट आणि मध्येच भरकटलेला, तर तो मानसोपचाराच्या आधी शरीराचा प्रश्न धरा. ताप, लघवी अडकलेली, रक्तातली साखर उतरलेली, नुकती फिट येऊन गेलेली. दारू तुटून दोन ते चार दिवस झालेला पेशंट तर ऐन हलवण्याच्या दिवशीच डिलिरियममध्ये, म्हणजे अशाच गोंधळात, जाऊ शकतो. वयस्कर पेशंटला नुसतं बद्धकोष्ठ पुरतं. सांगता न येणारं दुखणं हे मी पाहिलेल्या कितीतरी ‘आक्रमकां’चं खरं निदान होतं. एकाची तर दाढ होती.

ओव्हरबद्दल. एका वॉर्डने दुसऱ्याला पेशंट सोपवताना काय सांगितलं जातं? निदान, औषधं, शेवटी ‘कोऑपरेटिव्ह आहे’. या शब्दाने पलीकडच्या सिस्टरला काय कळतं? ज्या गोष्टी तुम्हाला तीन आठवड्यांत उमगल्या त्या फाईलमध्ये नसतात: याला पाठीमागे कुणी उभं राहिलेलं चालत नाही, बिनसायला लागलं की आधी उत्तरं एका शब्दात देतो, मग कॉलर चावतो, वही हातात दिली की बसतो. ही तीन वाक्यं म्हणजे खरी ओव्हर. ती पेशंटच्या समोर, त्याला सामील करून दिली तर उत्तम: ‘मी यांना सांगतेय, चुकलं तर दुरुस्त करा.’ आपल्याबद्दल पाठीमागे काय बोलतात ही त्याची अर्धी व्यथा असते.

तुमच्याकडे नसेल तर नॉर्वेत तयार झालेली ब्रोसेट चेकलिस्ट सुरू करायला सांगा. सहाच गोष्टी असतात: गोंधळ, चिडचिड, दंगा, तोंडी धमकी, अंगावर जाण्याचा आव, वस्तूंवर राग काढणं. प्रत्येकाला शून्य किंवा एक, आणि त्यावरून पुढच्या चोवीस तासांचा अंदाज. एक मिनिट लागतं. तीन किंवा वर गेलं की तयारी करायची, आणि माझ्या मते त्या दिवशी हलवायचं नाही. पण एक मेख आहे. ओळखीच्या पेशंटमध्ये या गोष्टी नेहमीपेक्षा वाढल्या असतील तरच गुण द्यायचा असतो. जो कायमच मोठ्याने बोलतो त्याचं मोठ्याने बोलणं दंगा नव्हे. हे ‘नेहमीपेक्षा’ नव्या वॉर्डाला कसं कळणार? तुम्ही सांगितलंत तरच. त्यामुळे हलवण्याआधीचा तुमचा शेवटचा स्कोअर सोबत जायला हवा.

इन्चार्ज सिस्टरांशी इंजेक्शनवरून वाद घालू नका, हरलात तर ते कायमचं होईल. त्यांच्याकडे दोन मागण्या घेऊन जा. ड्यूटी बदलतानाच्या ओव्हरच्या आगेमागे एक तास, जीवावरचा प्रसंग सोडून, कुणालाही हलवायचं नाही. आणि ज्याला हलवायचं त्याला, कितीही घाई असो, आधी सांगायचं, नाव घेऊन, एकाच माणसाने. पुरावा मागितला तर लेन बॉवर्स यांचं काम दाखवा. ते स्वतः मानसोपचार नर्स होते, पुढे लंडनमध्ये प्राध्यापक झाले. ‘सेफवॉर्ड्स’ नावाने त्यांनी दहा साध्या गोष्टी ठरवल्या. नाही म्हणायचं असेल तर मऊ शब्दांत म्हणणं, वाईट बातमी पेशंटला कुठून येणार हे आधी ओळखून ती सावरून सांगणं, ओव्हरमध्ये प्रत्येकाबद्दल काहीतरी चांगलंही बोलणं, अशा. १५ रुग्णालयांतल्या ३१ वॉर्डांत चाचणी झाली, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या वॉर्डांनी या गोष्टी केल्या तिथे भांडणं-मारामाऱ्यांसारखे प्रसंग १५ टक्क्यांनी कमी झाले आणि बांधणं, कोंडणं, जबरदस्तीचं औषध हे जवळपास २६ टक्क्यांनी. जादू नाही. पण एकही जादा इंजेक्शन न देता झालेलं आहे.

तरीही कधीतरी दारात कुणी वळेलच. तेव्हा वळू द्या. दार अडवू नका, दोन हात लांब, थोडं तिरकं उभं राहा, बोलणारा एकच असू दे. बाकी पेशंटांना आणि बघ्यांना हटवा. ‘तुम्हाला परत जायचंय. ठीक आहे, आपण इथेच थांबू, मला सांगा.’ पुष्कळदा परत नेऊन तासाभराने पुन्हा यावं लागतं. बेड तासभर उशिरा मिळाला म्हणून आजवर कुणाचं मनगट मोडलेलं मी पाहिलेलं नाही.

अटेंडंटचं बोलते म्हणाले होते. पेशंटला काही माहीत नाही, हे त्याला माहीत होतं का? तुम्ही त्याला फक्त ‘चल सोबत’ म्हणाला असाल तर त्याच्या दृष्टीने ठरल्याप्रमाणे जाणारा पेशंट मध्येच पळायला लागला होता आणि त्याने आपलं काम केलं. त्या खोट्याच्या आत तुम्ही त्यालाही न सांगता उभं केलंत. तो बोलत नाही याचं कारण नुसतं मनगट नसावं. त्याच्याकडे जा आणि हेच सांगा, याच शब्दांत: ‘त्याला मी खरं सांगितलं नव्हतं आणि ते तुलाही सांगितलं नाही.’ लगेच बोलेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्याने मागून धरायला नको होतं, हे आज नको. ते नंतर, सगळ्यांच्या प्रशिक्षणात, त्याचं नाव न घेता.

मध्येच एक सांगून ठेवते, कारण हात उचलणाऱ्यांवर लिहिताना बाकीचे निसटतात. वॉर्डातल्या बहुतांश पेशंटांनी कधी कुणाला मारलेलं नसतं. पुष्कळसे प्रसंग थोड्याच जणांकडून, पुन्हा पुन्हा होतात. पण हलवण्याचा धक्का सगळ्यांना बसतो. कुणी जेवण सोडतो, कुणी तोंड भिंतीकडे करतो, कुणी पहिल्या रात्री चादरीकडे वेगळ्याच नजरेने बघतो. नव्या वॉर्डात गेलेल्या गप्प पेशंटवर पहिले दोन-तीन दिवस जास्त लक्ष हवं.

आता वही. जा. तुम्हाला बघून तो भडकेल का, हे मला इथून सांगता येणार नाही, म्हणून आधी तिथल्या सिस्टरला फोन करा: तो कसा आहे, आज गेलं तर चालेल का. तिलाच त्याला विचारू द्या की तुम्ही आलेलं चालेल का. नको म्हणाला तर वही तिच्याकडे पाठवा आणि आठवड्याने पुन्हा विचारा. हो म्हणाला तर ड्यूटी सुरू व्हायच्या आधी जा, संपताना नको, तुमचं लक्ष घड्याळाकडे असता कामा नये. मोकळ्या जागेत भेटा, ती सिस्टर आसपास असू दे. त्याला दरवाजा मोकळा राहील असं उभं राहा. ‘मी तुम्हाला परत येऊ म्हणाले, ते खरं नव्हतं. माझं चुकलं.’ बेड, फोन, ड्यूटी, यातलं काही सांगू नका. त्याने विचारलं तरच सांगा. त्याने तुमच्या अटेंडंटचं मनगट मोडलं हा विषय त्या दिवशी तुम्ही काढायचा नाही. त्याने काढला तर ऐका.

वही देण्याआधी उघडून वाचली नसेल अशी आशा करते. वाचली असेल तर तेही सांगून टाका.